माधवरावांनी पाणी कुणाला सोडलं

६ जानेवारी १९३८, गुरुवार
बाजाराचा दिवस, शाळा सकाळची. दुपारी वाचनालयात गेले आणि नसती बिलामत ओढवून घेतली.

अध्यक्ष नानासाहेब (निवृत्त हेडमास्तर, आमच्या मुलींच्या शाळेच्या कमिटीवरही तेच, यापुढे ना.सा., एवढं लांब रोज कोण लिहील) 'कालव्यावरची बारा वर्षे' या कादंबरीवर बोलत होते. मासिकात वर्षभर येत होती ती, डिसेंबरच्या अंकात संपली. लेखक 'एक निवृत्त'. म्हणजे कोण, देव जाणे. कादंबरीतले माधवराव आपली हकीकत स्वतःच सांगतात. बारा वर्षं कालवा इन्स्पेक्टर. ना.सा. म्हणाले, "एक चूक नाही, एक अश्रू नाही. कर्तव्याचा पुतळा! असा माणूस आपल्या मुलामुलींपुढे ठेवला पाहिजे."

मी म्हणाले, "माधवराव खोटं बोलतात."

धाडकन तोंडातून गेलं. विचार करून बोलले नव्हते. सगळे माझ्याकडे वळले.

"पुरावा, बाई?"

"शोधते."

"शोधा. तेरा फेब्रुवारीच्या बैठकीत निबंध वाचा. नाही जमलं तर मी माधवरावांवर व्याख्यान देईन आणि आभार तुम्ही माना." हशा.

वाचनालयातल्या त्या वक्त्याच्या टेबलामागे आजवर बाईमाणूस उभं राहिलेलं नाही. आता उभं राहायचं की आभार मानायचे, एवढाच प्रश्न. आभार मी मेले तरी मानणार नाही.

८ जानेवारी, शनिवार
बाराही अंक पसरून बसले. पेन्सिलीने खुणा. माधवराव 'त्याचे मला विशेष काही वाटले नाही' हे वाक्य अकरा वेळा लिहितात. ज्याला खरंच काही वाटत नाही तो तसं लिहीत बसतो का? ना.सां.च्या टोपीबद्दल मला काही वाटत नाही, म्हणून या वहीत ती टोपी आजवर कधी आलेली नाही.

आणि ती भागीरथीबाई. विधवा, नऊ नंबरच्या चारीवर (कालव्यातून फुटणारा पाट) तिचं रान. कादंबरीत ती सात वेळा येते, आणि सातही वेळा पुढच्याच ओळीत आकाश. 'आकाश स्वच्छ होते.' 'किंचित ढग.' माणूस तिच्या बांधावर उभा राहतो आणि वर बघतो! खाली बघायची चोरी.

पण हा पुरावा नव्हे. ना.सा. म्हणतील, लेखकाची शैली.

१४ जानेवारी
संक्रांत. मुलींनी तिळगूळ दिला, खिसा नसल्याने पदरात बांधून आणला. संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू. भिंतीपलीकडून उखाणे ऐकू येत होते. एकीने नवऱ्याचं नाव बसवायला बेदाण्यापासून बारामतीच्या स्टेशनापर्यंत सगळं आणलं, तरी जमेना. इकडे मला हसू आवरेना. उखाण्यात घेतात तेवढंच, एरवी आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

मला बोलावणं नसतंच. आठ वर्षं नाही. त्याचं मला विशेष काही वाटत नाही.

हवा गार.

२० जानेवारी, गुरुवार
सापडलं! सापडलं! 

चौथीतल्या चंद्राची आई, काटेवाडीची सारजाबाई. दर गुरुवारी भाजी घेऊन बाजारात येते, माल संपला की शाळेच्या ओसरीवर लेकीची वाट बघत बसते. वाचता येत नाही पण ऐकण्याची हौस दांडगी. मी पूर्वीपासून तिला गोष्टी वाचून दाखवते, ती मला वांगी देते. आज नववं प्रकरण वाचत होते. "गुरुवारी सकाळी नऊ नंबरच्या चारीला पाणी सोडले. पाळी नेहमीप्रमाणे सुरू झाली. संध्याकाळी भागीरथीबाईंच्या बांधावरून परतलो. वाफे भरले होते. आकाश स्वच्छ होते."

सारजाबाईने शेंगा सोलायचं थांबवलं. "तिचं रान कुटं म्हनला?"

"कालव्याला लागून. चारीवरचं पहिलंच."

"आन् पानी सोडलं कदी?"

"सकाळी."

"आन् सांजच्याला तिचं वाफं भरल्यालं?"

"हो. असंच लिहिलंय."

"बाई, ह्यो मानूस खोटं बोलतुय."

माझेच शब्द! मी तिला विचारलं, कशावरून. पहिलीतल्या पोरीकडे मी बघते तसं तिने माझ्याकडे बघितलं. "पान्याची पाळी शेपटाकडनं चढती, बाई. आदी शेवटचं रान, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. कालव्यापाशी रान असल त्याला आट-धा दिस थांबाया लागतं. न्हाय तर वरचं लोक समदं पिऊन टाकत्याल, खालच्यानं निस्ता कोरडा पाट बघायचा. पयल्याच दिशी सांजच्याला भरलं म्हंजी त्यानं तिच्या रानाचं दार आदी उगडलं. आन् वर म्हंतुय नेहमीपरमानं."

"का उघडलं असेल?"

"आता त्ये बी मीच सांगू व्हय?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

मी बारामतीत जन्मले, कालव्याचं पाणी पिऊन वाढले, आणि हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. मग लाज बाजूला ठेवली आणि ओसरीवरच दोन गिरक्या घेतल्या. चंद्राने शाळाभर सांगितलं असणार.

२१ जानेवारी
निबंध सुरू. नाव ठरलं: 'माधवराव खोटं बोलतात'. बदलणार नाही.

मुख्य मुद्दा आज नीट मांडता आला. खोटं बोलणारा माणूस जे लपवतो ते त्याच्या हिशेबी शब्दांच्या फटीतून गळतं. माधवरावांनी स्वतःच्या मनाबद्दल एक शब्द खरा लिहिला नाही. पण पाणी खरं लिहिलं! वाफे भरले होते हे लिहिण्याची गरज काय होती? लपवायचं तर तेही लपवायचं. ते लपवता आलं नाही, कारण ते भरलेले वाफे बघून हा गृहस्थ सुखावला होता. बारा वर्षांतलं सुख एवढंच, आणि ते टाकून देववलं नाही.

छान लिहिलं आहे. स्वतःच वाचून स्वतःच खूश.

२७ जानेवारी, गुरुवार
पडले तोंडावर.

ना.सां.ना मुद्दा सांगायचा मोह आवरला नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, टोपी नीट केली. म्हणाले, "बाई, लेखक पुण्यात बसून लिहीत असेल. त्याला शेपूट कुठलं आणि डोकं कुठलं, काय ठाऊक? ही लेखकाची चूक आहे. माधवरावांचं खोटं नव्हे."

  लेखकालाच पाळीचा क्रम माहीत नसेल तर माझा निबंध म्हणजे छपाईच्या चुकीवर रचलेला इमला. साठ माणसांपुढे मी सांगणार की हा माणूस प्रेमात होता, आणि मागून कुणी तरी म्हणणार की नाही हो, लिहिणाराच अडाणी होता.

निघताना ना.सा. हळूच म्हणाले, "अजून वेळ आहे. नका वाचू. शाळेची शिक्षिका हास्यास्पद झाली तर कमिटीलाही बरं दिसत नाही." वाईट हेतूने नाही म्हणाले. म्हणून जास्तच लागलं.

सारजाबाईला सांगितलं. ती भडकली. "त्येला म्हनावं, चूक आसंल तर दुसरीकडं बी झाली आसंल. हुडका की."

३० जानेवारी, रविवार
तिसरं प्रकरण! पुरावा तिथेच होता आणि मी कंटाळवाणं म्हणून दोनदा ओलांडून गेले होते.

रामा नावाचा पाटकरी (कालव्याची दारं उघडतो, लावतो तो) आपल्या मेहुण्याच्या रानाला आधी पाणी सोडतो. मेहुण्याचं रान कुठे? कालव्याला लागून. माधवराव त्याला कामावरून काढतात आणि मग दीड पान संताप. 'पाळी शेवटाकडून वर येते. शेवटच्या शेताचे पाणी वरच्याने प्यायले तर ती चोरी होय. ती करणाऱ्यास मी क्षमा करणार नाही, तो कोणीही असो.'

तो कोणीही असो!

म्हणजे लेखकाला क्रम ठाऊक आहे. पक्का ठाऊक आहे. त्याने आधी माधवरावांच्याच तोंडून कायदा वदवला आणि सहा प्रकरणांनी त्यांच्याच हातून तो मोडवला. मोडल्यावर माधवराव लिहितात, 'नेहमीप्रमाणे'.

ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे. उठून आरशासमोर उभी राहिले आणि ना.सां.ना नमस्कार केला. तेरा तारीख कधी येते असं झालंय.

३ फेब्रुवारी, गुरुवार
सारजाबाईला सगळा निबंध वाचून दाखवला. अकराव्या प्रकरणापाशी तिने सोलायच्या शेंगा बाजूला ठेवल्या. तिथे भागीरथीबाई जाते. माधवराव एवढंच लिहितात: 'नऊ नंबरच्या चारीवरील बागायतदार भागीरथीबाई वारल्याचे समजले. तपासणी वेळेवर झाली. हवा स्वच्छ.' मी निबंधात विचारलंय, बारा वर्षांत त्या चारीवर दुसरं कुणी मेलंच नाही का? मग हिचीच नोंद का?

सारजाबाईने एकदम विचारलं, "बाई, तुमचं मालक कशानं गेलं?"

म्हणाले, "तापाने. तीन दिवसांत. इंदापुरात होतो तेव्हा. त्या दिवशी हवा बरी होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काय वावगं बोलले कळेना. मग लेकीला हाक मारून निघाली. वांगी द्यायचीही विसरली.

१३ फेब्रुवारी, रविवार
जिंकले.

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम बाहेर येईल. पाच वाजता वाचनालयाचा हॉल भरलेला. नेहमीची वकील-मास्तर मंडळी पुढे, आणि मागे गुळाच्या पेठेतले लोक, काटेवाडीचे बागायतदार. सारजाबाईने गाव गोळा करून आणलं होतं. बायकांच्या बाजूला जाजमावर ती सगळ्यात पुढे, नवं लुगडं.

टेबलामागे उभी राहिले. 

काही समजावलं नाही. आधी तिसऱ्या प्रकरणातलं ते दीड पान वाचलं. 'ती चोरी होय.' मग पान उलटून नववं. 'संध्याकाळी भागीरथीबाईंच्या बांधावरून परतलो. वाफे भरले होते.' आणि थांबले.

पुढच्या रांगा माझ्याकडे बघत बसलेल्या. मागून एक जण ओरडला, "आरं तिच्या! पयलं रान आन् पयल्याच दिशी?" मग सगळी मागची बाजू एकदम बोलायला लागली. वकील मंडळी मागे वळून शेतकऱ्यांना विचारतायत, काय झालं, काय झालं! हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. कादंबरीचा अर्थ आज मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आला, पाण्यासारखा, शेपटाकडून चढत.

मग उरलेलं वाचलं. आकाश, अकरा वेळा 'विशेष काही वाटले नाही', शेवटची ती तीन वाक्यं.  कुणाची तरी बांगडी वाजली तेवढीच.

शेवटी मी म्हणाले, माधवरावांनी आपल्याला फसवलं याचा राग मला नाही. त्यांनी स्वतःला फसवलं याचं वाईट वाटतं. ज्याला पुतळा म्हणून आपण मुलांपुढे ठेवणार होतो तो आतून रडत होता, आणि ते आपण वाचलं नाही, कारण न रडणारी माणसं आपल्याला सोयीची असतात.

ना.सा. उठले. मला वाटलं, आता शेपूट आणि डोकं. ते म्हणाले, "मी ही कादंबरी तीनदा वाचली. माझी स्वतःची दोन एकरं कालव्याखाली आहेत. तीनदा फसलो. बाई, आज आभार मी मानतो."

टाळ्या. टाळ्या. मी रडले नाही, हसले, आणि किती तरी वेळ तोंड मिटेना.

टाळ्या चालू असतानाच ना.सां.नी हळूच विचारलं, "पण पुरावा मिळायच्या आधीच तुम्ही म्हणालात ते खोटं बोलतात. कसं ओळखलंत?"

"वाचून," मी म्हणाले. उत्तर बरोबर नव्हतं, पण गडबडीत खपलं.

१४ फेब्रुवारी
शाळेत मुलींनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'बाई खरं बोलतात'. पुसायला लावलं. मधल्या सुट्टीनंतर.

ना.सां.नी निबंध स्वतःच्या अक्षरात नकलून मासिकाला पाठवला. टोपीबद्दल 'काही वाटत नाही' असं लिहिलं होतं, ते मागे घेते.

सारजाबाई जाताना म्हणाली होती ते काल लिहायचं राहिलं. "बाई, त्या मानसाला सोडू नगा. पर लई हानू बी नगा."

१९ फेब्रुवारी, शनिवार
इंदापूरच्या वाचनालयाचं बोलावणं. सहा मार्चला निबंध तिथे वाचावा. सर्व्हिस मोटारीचं भाडं देतात.

कळवलं की जमणार नाही. लांब पडतं. मार्चमध्ये परीक्षांची तयारी असते. शिवाय मोटारीची धूळ सोसत नाही.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
ना.सा. शाळेत आले. "इंदापूर लांब? गेल्या वर्षी तुम्ही पुण्याला तीनदा जाऊन आलात." मी म्हणाले, परीक्षा. ते म्हणाले, परीक्षा एप्रिलात. मी म्हणाले, धूळ. त्यांनी भुवया वर नेल्या. सारजाबाई ओसरीवरून ऐकत होती. ना.सा. गेल्यावर शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुमी बी त्या माधवरावावानीच बोलता, बाई. हवा बरी व्हती म्हनं."

मला राग आला. तिला तसंच सोडून आत आले.

मग घरी येऊन ट्रंकेतल्या जुन्या वह्या काढल्या. आमचं इंदापुरातलं घर बावीस मार्चला मोडलं. श्राद्धाच्या तिथीचं घरचे बघतात, मी तारीख धरते. धरते म्हणजे काय करते, ते बघायचं होतं.

२२ मार्च १९३१: हवा बरी. वह्या तपासल्या.
२२ मार्च १९३२: उकाडा. नवे तक्ते आले.
२२ मार्च १९३३: हवा स्वच्छ. वांगी बरी मिळाली.

पुढच्या चार वह्याही तशाच. एका वर्षी किंचित ढग.

आणि त्या पहिल्या दिवसाची, १९३० ची, वही आहे. पान कोरं आहे. म्हणजे माधवरावांनी तीन वाक्यं तरी लिहिली.

ना.सां.च्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. कसं ओळखलंत? अहो, माझ्याच वळणाचा माणूस. परक्या गावात भेटलेला आपल्या गावचा माणूस चालीवरून ओळखावा तसा मी त्यांना पहिल्याच पानावर ओळखला, आणि सापडले मात्र तेच. मी आठ वर्षं सुटले.

इंदापूरला येते म्हणून कार्ड टाकलं. उद्या सारजाबाईकडे चंद्राबरोबर निरोप पाठवते की चुकलं, पुढच्या गुरुवारी वांगी आण.

६ मार्च, रविवार, रात्री बारामतीत परत
इंदापूर. आठ वर्षांनी.

मोटार शेळगावला थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं वाटलं होतं. नाही फिरले. हे स्वतःच्या कौतुकासाठी लिहून ठेवते.

हॉल बारामतीपेक्षा लहान, गर्दी जास्त. सगळे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे लोक, त्यांना पाळी शिकवायला नको. नववं प्रकरण वाचताच गलका. पण वेगळाच! एक बागायतदार उभे राहिले, पटका डोक्यावर, मिशा पांढऱ्या. "बाई, तिचं वाफं भरलं, ह्येला बरं वाटलं, समदं खरं. पर शेवटच्या रानाचं काय? त्या सालाला त्येचा ऊस वाळला आसंल. त्येचं नाव पुस्तकात हाय का?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग अर्दंच खोटं सापडलं तुमास्नी."

हॉल हसला. मीही. पण मनात म्हटलं, शाबास. माझ्या निबंधातलं भोक याने पहिल्याच झटक्यात दाखवलं. माधवरावांनी आपलं प्रेम लपवलं हे मी बघितलं. त्या प्रेमापायी कुणाचं रान वाळलं, तेही त्यांनी लपवलं, हे मी बघितलं नाही. भरल्या वाफ्यांकडे बघून मीही त्यांच्याबरोबर सुखावले होते. तिथेच सर्वांपुढे सांगितलं की हे बरोबर आहे, निबंधात घालते. टाळ्या त्यांना पडल्या, पडायलाच हव्या होत्या. हरल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट निबंध आता दुप्पट झाला.

सभा संपली आणि एक म्हातारे काठी टेकत आले. शेळगावचे तात्या, तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते. आधी इकडेतिकडे बघून म्हणाले, "म्या बी एकदा सोडलं व्हतं. तीस वरसांत एकदा."

"कुणासाठी, तात्या?"

"त्ये राहू द्या." मग माझ्याकडे निरखून बघत, "तुमी पोस्टातल्या गजाननरावांच्या मंडळी न्हवं का?"

आठ वर्षांत ते नाव कुणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. मी मान हलवली.

"लई चांगला मानूस. आमाला कुटं वाचता येतंय? पत्र आलं की त्येच वाचून दावायचं. चांगली खबर दोनदा वाचायचं. आन् वाईट आसली की पत्र घडी करून ठेवायचं आन् आदी तांब्या म्होरं करायचं. 'पाणी प्या तात्या, मग वाचू.' पुढं पुढं समद्यांनी वळखलं. पोस्टात पाणी मिळालं की मानूस तितंच रडाया लागायचा!"

मी मोठ्याने हसले. हे मला ठाऊकच नव्हतं. पाच वर्षांच्या संसारात ते घरी एकदाही बोलले नाहीत. हसता हसता कधी डोळे भरले कळलं नाही, आणि तात्या बिचारे घाबरून म्हणाले, "कुनी पाणी आना रं."

त्यावर आणखी हसले.

परतीच्या मोटारीत रडले. शेजारच्या बाईने विचारलं, डोळ्यात धूळ गेली का. नाही म्हणाले. माधवराव हो म्हणाले असते.

१० मार्च, गुरुवार
सारजाबाईला तांब्याची गोष्ट सांगितली. तिने दोनदा सांगायला लावली. वांगी भरपूर.

१५ मार्च, मंगळवार
दौंडच्या गाडीने आलेल्या टपालात संपादकांचं पाकीट. निबंध एप्रिलच्या अंकात, पहिल्या पानापासून! ना.सां.ना दाखवायला धावत निघाले, आणि वाटेत आतला दुसरा कागद हाताला लागला.

कादंबरीच्या लेखकाचं पत्र. संपादकांनी त्यांना माझा निबंध आधी वाचायला दिला होता. अक्षर वळणदार, ओळी सरळ. पूर्ण उतरून ठेवते:

'माझ्या कथेतील माधवराव प्रामाणिक आहेत. पाळीच्या क्रमाबाबत प्रकरण नऊमध्ये लेखकाची नजरचूक झाली आहे, तिची नोंद व्हावी. त्या संध्याकाळी पाणी न मिळते तर बांधाकडेची मोगऱ्याची रोपे जगली नसती, इतकेच. निबंध वाचून मला विशेष काही वाटले नाही. हे पत्र छापावे किंवा कसे, ते निबंध लिहिणाऱ्या बाईंनी ठरवावे. येथील हवा स्वच्छ आहे.'

मोगरा! कादंबरीत मोगरा कुठेच नाही. सगळे अंक दोनदा चाळले. भागीरथीबाईच्या रानात ऊस आहे, कडेला शेवरी आहे. मोगरा नाही.

ना.सां.नी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आधी म्हणाले, "लेखकच नजरचूक म्हणतोय, बाई. मीही तेच म्हणालो होतो." मग मोगऱ्याशी आले आणि पत्राची घडी केली. शेवटी म्हणाले, "छापलंत तर तुमचा मुद्दा कायमचा सिद्ध झाला. महाराष्ट्रभर."

"आणि त्यांचं?"

"त्यांचंही कायमचंच झालं."

न छापावं तर उद्या कुणीही उठून म्हणेल की ही चूक होती, आणि मला तोंड उघडता येणार नाही. छापावं तर एका म्हाताऱ्या माणसाने जन्मभर झाकून ठेवलेली मोगऱ्याची रोपं मी चव्हाट्यावर मांडणार. पण मग ठरवायला माझ्यावरच का सोपवलं? ज्याला लपवायचंच आहे तो मोगरा लिहीत नाही. वाफे भरलेले लिहिले, तसाच मोगरा लिहिला. कुणी तरी वाचावं म्हणून.

की हे मला सोयीचं आहे म्हणून मी असं म्हणतेय?

संपादकांना महिनाअखेरीच्या आत उत्तर हवं आहे.

२२ मार्च, मंगळवार
हवा

खोडलं.

गजानन.

लिहिलं. शाई वाळेपर्यंत बघत बसले. उखाणा नाही, हळदीकुंकू नाही, नुसतं नाव. घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील ते म्हणोत. गजानन, तापाने गेले, तीन दिवसांत, वय एकतीस. मी उशाशी बसून होते आणि मला फार फार वाईट वाटलं. अजून वाटतं. चांगली पत्रं दोनदा वाचायचे, हे मला घरी सांगितलं असतं तर मी चेष्टा केली असती, आणि ते हसले असते, डाव्या बाजूने, तसे हसायचे.

आठ वर्षांची थकबाकी एका पानात लिहून होत नाही, पण सुरुवात झाली. आनंद झाला आहे मला. हेही लिहिते, नाहीतर पुन्हा हवा लिहायची.

सकाळी सारजाबाई बाजार नसतानाही आली, चंद्राला सोडायचं निमित्त. पत्राचं तिला माहीत आहे. विचारलं, तू काय केलं असतंस? म्हणाली, "म्या आदी त्येला इचारलं आसतं, मोगरा जगला का म्हनून."

हे मला सुचलं नव्हतं. साठ माणसांपुढे निबंध वाचणाऱ्या बाईला सुचलं नव्हतं.

दोन कागद काढून ठेवलेत. एक संपादकांना, एक लेखकांना. आधी कुठला लिहायचा ते अजून ठरत नाही. शेजारी तांब्या भरून ठेवला आहे. पाणी पिते, मग लिहिते.